झुंज, मात आणि एक हुकलेली पेनल्टी

27 मे 2023. जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरातील मैदान ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांनी भरले होते. बुंडेसलिगा या जर्मन साखळी स्पर्धेचा तो शेवटचा दिवस. बोरुसिया डॉर्टमुंड हा संघ बायर्न म्युनिकच्या दोन गुणांनी पुढे होता. घरच्या मैदानावर माइन्झला हरवले की दहा वर्षांची बायर्नची मक्तेदारी संपणार होती. पंधराव्या मिनिटाला माइन्झने गोल केला. चारच मिनिटांनी डॉर्टमुंडला पेनल्टी मिळाली आणि चेंडू घेऊन सेबास्तियन हॅलर पुढे आला.

सहा महिन्यांपूर्वी हा माणूस कर्करोगाच्या उपचारांत होता. आता त्याने गोल करावा, संघ विजेता ठरावा आणि गोष्ट सुफळ संपूर्ण व्हावी, असे डॉर्टमुंडच्या चाहत्यांनाच नव्हे, त्रयस्थ प्रेक्षकालाही वाटत असणार. गोलरक्षक फिन डामेनने तो फटका अडवला. सामना 2-2 असा बरोबरीत सुटला. तिकडे कोलोनमध्ये एकोणनव्वदाव्या मिनिटाला जमाल मुसियालाने बायर्नसाठी गोल केला. दोन्ही संघांचे गुण 71 झाले आणि गोलफरकाच्या जोरावर सलग अकराव्यांदा बायर्न विजेता ठरला.

आजारातून उठलेल्या खेळाडूंविषयी लिहिताना ही पेनल्टी सहसा गाळली जाते. या लेखाची सुरुवात मुद्दाम तिच्यापासून केली आहे, कारण हॅलरच्या आजारपणाचा आणि बरे होण्याचा खरा अर्थ तिच्यातून अधिक स्पष्ट दिसतो.

दोन शब्दांची अडचण

मराठीत कर्करोगाविषयी बोलताना दोन शब्द हटकून येतात : ‘झुंज’ आणि ‘मात’. रुग्ण बरा झाला तर त्याने रोगावर ‘मात केली’. गेला तर त्याची ‘झुंज अपयशी ठरली’. हे शब्द आपण सद्‌भावनेने वापरतो. पण त्यांच्या पोटात एक अन्याय दडलेला आहे. जो वाचला तो जिद्दीमुळे वाचला असे म्हटले, की जो गेला त्याची जिद्द कमी पडली, असा अर्थ आपोआप निघतो. खेळाडूच्या बाबतीत हा मोह आणखी वाढतो, कारण जिद्द हा त्याच्या पेशाचाच भाग असतो. हॅलरची कारकीर्द बारकाईने पाहिली तर जिद्दीखेरीज किती गोष्टी जुळून याव्या लागतात, हे कळते.

आजारापूर्वीचा हॅलर

हॅलरचा जन्म 22 जून 1994 रोजी पॅरिसजवळच्या रिस-ओरांजी येथे झाला. वडील फ्रेंच, आई आयव्हरी कोस्टची. फ्रान्समधल्या ओसेर क्लबमध्ये तो घडला, पण नाव झाले ते नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये. 2017 मध्ये तो जर्मनीच्या आइनट्राख्ट फ्रँकफर्टकडे गेला आणि 2018 मध्ये त्या संघाने जर्मन चषक जिंकला. उंच, धिप्पाड, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू अडवून धरणारा आणि मागून येणाऱ्या साथीदाराला तो नेमका देणारा, अशा जातीचा हा आघाडीपटू.

2019 मध्ये लंडनच्या वेस्ट हॅमने त्याच्यासाठी साडेचार कोटी पौंड मोजले. त्या क्लबच्या इतिहासातली ती तेव्हाची सर्वांत मोठी रक्कम होती. तिथे त्याचे बस्तान बसले नाही. दीड वर्षाने तो ॲम्स्टरडॅमच्या आयाक्सकडे आला, तर युरोपा लीगच्या खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव घालायचेच कार्यालयीन चुकीने राहून गेले! पुढच्या हंगामात मात्र त्याने सगळी कसर भरून काढली. चॅम्पियन्स लीगमधल्या पहिल्याच सामन्यात स्पोर्टिंग लिस्बनविरुद्ध चार गोल, गटातल्या सहाही सामन्यांत गोल, स्पर्धेत एकूण आठ सामन्यांत अकरा गोल. डच लीगमध्ये 21 गोलांसह तो अव्वल ठरला. 2022 च्या जुलैत डॉर्टमुंडने एर्लिंग हालांडच्या जागी त्याला घेतले. वय अठ्ठावीस, आघाडीपटूच्या उमेदीचा काळ.

एक विचित्र रसायन

18 जुलै 2022 रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाड रागात्स येथील सराव शिबिरात त्याला बरे वाटेनासे झाले. तपासणीत वृषणामध्ये गाठ आढळली. ती कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया, मग केमोथेरपीची चार आवर्तने आणि नोव्हेंबरमध्ये आणखी एक शस्त्रक्रिया, असा तो क्रम होता.

वृषणाचा कर्करोग एकंदरीत विरळा. भारतात तर त्याचे प्रमाण युरोपच्या मानाने बरेच कमी आहे. पण साधारण पंधरा ते पस्तीस वयाच्या पुरुषांमध्ये जे कर्करोग होतात, त्यांत पाश्चात्त्य देशांत तो आघाडीवर आहे. म्हणजे नेमके फुटबॉल खेळण्याचे वय. बहुतेक वेळा तो जननपेशींपासून उद्भवतो आणि अनेकदा सुरुवात न दुखणाऱ्या गाठीने होते.

पन्नास वर्षांपूर्वी हा रोग शरीरात पसरला असेल, तर दहातला जेमतेम एखादा रुग्ण वाचत असे. आज पसरलेल्या अवस्थेतलेही बहुसंख्य रुग्ण बरे होतात. हा बदल घडवणारे औषध अपघाताने सापडले. 1965 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विद्युत क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू वाढत होते, लांबच लांब होत होते, पण विभागत नव्हते. शोध घेता कळले, की करामत विजेची नाही. प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून द्रावणात उतरलेल्या संयुगाची आहे. पेशींचे विभाजन रोखणारे हे संयुग म्हणजे सिसप्लॅटिन. 1974 मध्ये इंडियाना विद्यापीठातील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर दोन औषधांच्या जोडीने वृषणाच्या कर्करोगावर वापरले आणि या रोगाचे चित्रच पालटले.

आपल्या वाचकांना हे नाव अनोळखी वाटू नये. 2011 चा क्रिकेट विश्वचषक गाजवणाऱ्या युवराज सिंगच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, जी गाठ निघाली तीही जननपेशींचीच होती. 2012 मध्ये तो याच डॉ. आइनहॉर्न यांच्याकडे उपचारांसाठी गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध खेळला. वानखेडेवर जल्लोष करणारा क्रिकेटपटू आणि डॉर्टमुंडचा फुटबॉलपटू, दोघेही रोगांच्या एकाच कुळाला सामोरे गेले.

औषधाची किंमत

ही औषधे फुकट वाचवत नाहीत. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांवर ताण आणते, श्रवणशक्तीला इजा करू शकते आणि हातापायांच्या बोटांतल्या नसा बधिर करते. चेंडूचा स्पर्श पावलाने ओळखण्यावर ज्याचे पोट आहे, त्याच्यासाठी हे साधे नाही. जोडीला दिले जाणारे ब्लिओमायसिन फुप्फुसांना घट्ट करू शकते, म्हणून खेळाडूंच्या बाबतीत डॉक्टर कधीकधी त्याला पर्याय शोधतात. रक्तातील लाल पेशी घटल्या की दम लवकर लागतो, आणि अंथरुणावरच्या आठवड्यांत स्नायू वितळतात.

हे सारे लक्षात घेतले की हॅलरचे पुनरागमन किती वेगवान होते ते कळते. जानेवारी 2023 मध्ये तो सराव सामन्यात उतरला आणि काही दिवसांतच बाझलविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने हॅट्ट्रिक केली. 22 जानेवारीला ऑग्सबुर्गविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो बुंडेसलिगात खेळला. 4 फेब्रुवारीला फ्रायबुर्गविरुद्ध त्याने डॉर्टमुंडसाठी लीगमधला पहिला गोल केला. तो जागतिक कर्करोग दिन होता.

अवघड जागेचे दुखणे

योगायोग असा, की 2022 या एकाच वर्षात बुंडेसलिगातील चार खेळाडूंना हाच रोग असल्याचे निष्पन्न झाले : युनियन बर्लिनचा टीमो बाउमगार्टल, हेर्था बर्लिनचे मार्को रिश्टर आणि जाँ-पॉल बोएटियस, आणि हॅलर. चौघांच्याही आजाराची बातमी जाहीर झाली, आजाराचे नाव न लपवता. तरुणांनी लाज बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी, असे आवाहन बाउमगार्टलने केले.

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही आपली म्हण हसण्यावारी नेली जाते, पण पुरुषांच्या एका मोठ्या संकटाचे ते अचूक वर्णन आहे. वेळेवर न बोललेले दुखणे पसरते, आणि औषध कितीही चांगले असले तरी ते पोचायला उशीर होतो. व्यावसायिक खेळाडूच्या दिमतीला चोवीस तास वैद्यकीय पथक असते. ‘बरे वाटत नाही’ एवढे म्हटले की तपासणी होते. बारा तास राबणाऱ्या, रजा घेतली तर मजुरी बुडणाऱ्या तरुणाला ही चैन नसते. त्याची जिद्द हॅलरपेक्षा कमी असते असे कोण म्हणेल?

जिद्दीची मर्यादा

बल्गेरियाचा स्टिलियान पेत्रोव हा इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलाचा कर्णधार होता. मार्च 2012 मध्ये त्याला तीव्र रक्ताचा कर्करोग असल्याचे कळले. त्याचा क्रमांक एकोणीस. म्हणून व्हिलाचे प्रेक्षक प्रत्येक सामन्यात एकोणिसाव्या मिनिटाला उभे राहून टाळ्या वाजवत. पेत्रोव बरा झाला. 2016 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्याने व्हिलाबरोबर पुन्हा सरावही केला. पण करार मिळाला नाही; व्यावसायिक मैदानाचे दार पुन्हा उघडले नाही. याला पराभव म्हणायचे? रोग वेगळा, उपचार वेगळे, वय वेगळे. उणीव इच्छाशक्तीची नव्हतीच.

पेनल्टीनंतर

आता पुन्हा त्या पेनल्टीकडे येऊ. ती हुकली तेव्हा हॅलरवर टीका करता येत होती, हळहळता येत होते, चिडता येत होते. म्हणजेच तो पुन्हा खेळाडू झाला होता. रुग्णाच्या चुका आपण मोजत नाही. त्याच्याकडे दयेने पाहतो. पूर्ण बरे होणे म्हणजे कदाचित हेच, की चुकण्याचा हक्क परत मिळणे.

त्यानंतरचे वर्षही सरळ गेले नाही. जानेवारी 2024 मध्ये आफ्रिका चषक आयव्हरी कोस्टमध्ये, त्याच्या आईच्या देशात, भरला. घोट्याच्या दुखापतीमुळे गटातले तिन्ही सामने तो बाहेर बसला. यजमान नायजेरियाकडून हरले, मग इक्वेटोरियल गिनीकडून 0-4 असे चिरडले गेले. प्रशिक्षक जां-लुई गासे गेले. मोरोक्कोने झांबियाला हरवले म्हणून तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतून आयव्हरी कोस्ट कसाबसा पुढे सरकला. एमर्स फाए यांच्या हाती आलेल्या या संघाने सेनेगलला पेनल्टींवर हरवले, मालीविरुद्ध दहा खेळाडूंनिशी पिछाडीवरून विजय खेचला. उपांत्य फेरीत काँगोविरुद्धचा एकमेव गोल हॅलरचा. 11 फेब्रुवारीला आबिजानमधल्या अंतिम सामन्यात नायजेरियाने आघाडी घेतली, फ्रँक केसीने बरोबरी साधली आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाला डावीकडून सिमॉन आडिंग्राचा चेंडू आला. हॅलरने बचावपटूच्या पुढे पाय लांबवला. चेंडूला नुसता स्पर्श झाला. 2-1.

या गोलाने हुकलेली पेनल्टी भरून निघाली असे म्हणण्याचा मोह होतो. पण डॉर्टमुंडला तो चषक त्यामुळे मिळाला नाही. हे दोन्ही क्षण एकाच कारकिर्दीतले आहेत आणि दोन्ही त्याचे आहेत, एवढेच. हॅलरच्या वाट्याला वेळेवरची तपासणी आली, प्रयोगशाळेत अपघाताने गवसलेले रसायन आले, कुशल हात आले, संघाची साथ आली. त्यात त्याने आपले कष्ट घातले. पुढच्या वेळी कुणाच्या बातमीत ‘झुंज’ हा शब्द लिहिताना ही सगळी यादी आठवावी. आणि घरातल्या एखाद्या तरुणाने संकोचाने काही सांगायला तोंड उघडले, तर त्याचे बोलणे हसण्यावारी न नेता पुरते ऐकून घ्यावे.