जवळची वाट, मोकळी वाट

नागपूरहून आमल्याला जायला रेल्वेच्या दोन वाटा आहेत. नरखेड, पांढुर्णा आणि तीगावचा घाट ही सरळ वाट. दिल्ली-चेन्नई मुख्य मार्गाचाच तो भाग असल्यामुळे तिच्यावर रात्रंदिवस गाड्यांची रीघ असते. दुसरी वाट सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया असा वळसा घेते. नॅरोगेज जाऊन तिथे ब्रॉडगेज आली आहे, पण वर्दळ पुष्कळ कमी. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याच्या दोन्ही मोठ्या गावांतून यातली एकेक वाट जाते.

आता समजा, सगळ्या गाड्यांना एकच नियम लावला: ज्या मार्गाची लांबी कमी, त्याच मार्गाने जायचे. पांढुर्ण्याकडे गाड्या एकामागे एक ताटकळतील आणि सौंसरचे रूळ मोकळे पडून राहतील. कुठलाही कंट्रोलर असा कारभार चालवणार नाही. इंटरनेटच्या मोठ्या जाळ्यांचा कारभार मात्र वर्षानुवर्षे याच नियमावर चालला, आणि आजही अनेक ठिकाणी चालतो.

जाळ्यातल्या प्रत्येक दुव्याला एक किंमत दिलेली असते. राऊटर, म्हणजे पुढची वाट ठरवणारे यंत्र, या किमतींची बेरीज करून सर्वांत स्वस्त वाट निवडतो. त्यासाठी वापरली जाणारी रीत डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. रीत अचूक आहे, पण त्या वाटेवर या क्षणी किती गर्दी आहे, याचा विचार त्या किमतीत सहसा नसतो. मग गर्दीच विचारात घ्यावी, हे कोणालाही सुचेल. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटने तसे करून पाहिले होते. सगळी वाहतूक मोकळ्या दुव्याकडे धावे, तो तुंबला की परत पहिल्याकडे, आणि अशी ती हेलकावत राही. शेवटी १९८७ मध्ये किंमत ठरवण्याची पद्धतच बदलावी लागली. प्रत्येक राऊटरने आपापल्या पुरते शहाणपण केले तर जाळे शहाणे होत नाही, हे तेव्हा कळले. वाहतुकीचे नियोजन सगळे जाळे एका नजरेत घेऊन करावे लागते. यालाच ट्रॅफिक इंजिनिअरिंग म्हणतात.

त्यात ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’, म्हणजे सेवेचा दर्जा आला की गणित अवघड होते. प्रत्येक पॅकेटची, म्हणजे डेटाच्या तुकड्याची, गरज वेगळी असते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येणारा कणभौतिकीचा डेटा प्रचंड असतो, पण तो चार मिनिटे उशिरा आला म्हणून काही बिघडत नाही. बोलण्याचे तसे नाही. आवाजाचा तुकडा १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. शिवाय तुकडे सारख्या अंतराने यायला हवेत. एक लवकर, एक उशिरा असे झाले की आवाज तुटतो. या अनियमितपणाला जिटर म्हणतात. विलंब आणि जिटर यांसारख्या दोन स्वतंत्र अटी एकाच वेळी पाळणारी वाट शोधणे गणिताच्या दृष्टीने फारच कठीण आहे, हे १९९६ मध्ये झेंग वांग आणि जॉन क्रोक्रॉफ्ट यांनी दाखवून दिले. म्हणून प्रत्यक्षात अचूक उत्तराचा हट्ट सोडून कामचलाऊ उत्तर शोधतात. आणि कामचलाऊ उत्तर खरोखर काम चालवते का, हे तपासायला खरे जाळेच लागते.

इथे संशोधन जाळ्यांचे महत्त्व येते. व्यापारी कंपनी आपल्या ग्राहकांवर प्रयोग करू देत नाही आणि आपल्या वाहतुकीचे आकडेही दाखवत नाही. विद्यापीठांच्या जाळ्यांनी दोन्ही केले. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे ‘अ‍ॅबिलीन’ जाळे १९९९ मध्ये सुरू झाले. कॅन्सस राज्यात १८६०च्या दशकात रेल्वे जिथे संपत असे, त्या गावाचे नाव त्याला दिले होते. या जाळ्याच्या १२ राऊटरांमध्ये दर पाच मिनिटांना कुठून कुठे किती डेटा गेला, याची २००४ मधली अनेक महिन्यांची कोष्टके खुली झाली. युरोपच्या ‘जीएंट’ जाळ्याची २३ राऊटरांची, दर पंधरा मिनिटांची कोष्टकेही उपलब्ध झाली. जगभरचे संशोधक आजही आपली नवी रीत आधी या दोन कोष्टकांवर घासून पाहतात. खुल्या आकड्यांची ही देणगी मला कुठल्याही एका शोधाइतकीच मोलाची वाटते.

चाचणीत काय करतात? आधी वाहतुकीचे कोष्टक घेऊन संगणकावर वाटा ठरवतात. मग खऱ्या राऊटरांवर एमपीएलएस या पद्धतीने पॅकेटला खूणचिठ्ठी लावून ठरलेल्या वाटेने पाठवतात. आवाजाची वाट वेगळी, डेटाच्या ढिगाऱ्याची वेगळी. दोन्ही टोकांची घड्याळे जीपीएसने जुळवून एकेरी प्रवासाचा वेळ मोजतात. मग मुद्दाम एक दुवा तोडतात. वाहतूक ५० मिलिसेकंदांत पर्यायी वाटेवर वळली पाहिजे, हा उद्योगातला जुना दंडक आहे. आणि सरासरीवर विश्वास ठेवायचा नसतो. शंभरातली ९९ पॅकेटे वेळेवर आली आणि एक रखडले, तरी सरासरी छान दिसते. त्रास होतो तो त्या एकामुळे. लांबच्या प्रवासात तर हजारो पॅकेटांत एखादे हरवले तरी फाईल पाठवण्याचा वेग कोसळतो.

सगळे प्रयोग यशस्वी झाले नाहीत. अ‍ॅबिलीनवरच ‘क्यूबोन’ प्रकल्पात महत्त्वाच्या पॅकेटांसाठी खात्रीची प्रीमियम सेवा उभारण्याचा प्रयत्न झाला. २००२ मध्ये बेन टायटेलबाउम आणि स्टॅनिस्लाव शालुनोव यांनी तो का रुजला नाही, याचा स्पष्ट खुलासा लिहून ठेवला. जाळ्यात गर्दीच नसेल तर अग्रक्रमाला अर्थ उरत नाही, आणि मुख्य जाळ्यात जास्तीची क्षमता टाकणे अग्रक्रमाची व्यवस्था चालवण्यापेक्षा सोपे पडते. अपयशाचा असा हिशेब मांडणे हेही विज्ञानाचेच काम आहे. वाटा ठरवण्याचे शास्त्र मात्र टिकले. २०१३ मध्ये गूगलने आपल्या डेटा केंद्रांमधल्या ‘बी४’ जाळ्याची माहिती दिली. एका ठिकाणाहून सगळ्या वाटा ठरवून आणि डेटाचे अग्रक्रम पाळून त्यांनी कित्येक दुवे जवळजवळ पूर्ण क्षमतेने वापरले होते. एरवी अशा लांब पल्ल्याच्या जाळ्यांत निम्मी क्षमताही वापरली जात नाही.

आपल्याकडे संशोधन जाळ्यांची सुरुवात १९८६ मध्ये अर्नेटपासून झाली. मुंबईच्या जुहूतील एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था त्याचे एक मुख्य केंद्र होती आणि श्रीनिवासन रमणी तिथे या कामाचे नेतृत्व करत होते. १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई दुव्याचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने पुढे ‘गरुड’ प्रकल्पात १७ शहरांतले संगणक जोडले. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी दिली. आज त्यावर हजाराहून अधिक संस्था आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वलहरी वेधशाळा उभी राहिली की मराठवाड्यातूनही डेटाचा मोठा ओघ सुरू होईल. राष्ट्रीय ज्ञान जाळ्याच्या वाहतुकीची कोष्टके, संस्थांची नावे झाकून का होईना, अ‍ॅबिलीनसारखी खुली व्हावीत, असे मला ठामपणे वाटते. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांनी वीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकी वाहतुकीवर अभ्यास का करावा?

क्यूबोनच्या निष्कर्षात एक मर्यादाही आहे. क्षमता स्वस्त आहे ती मुख्य जाळ्यात. रेल्वेच्या कडेने रेलटेल या रेल्वेच्याच दूरसंचार कंपनीचे फायबर गेलेले असते, पण तिथून पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या एखाद्या शाळेपर्यंतचा शेवटचा टप्पा अरुंदच असतो. संध्याकाळी गर्दी होते ती तिथे, आणि ऑनलाइन वर्ग बंद पडतो तो तिथेच. अग्रक्रमाची खरी गरज या कडेच्या दुव्यांवर आहे, म्हणून चाचणीचे मोजमापही तिथपर्यंत आले पाहिजे. नागपूर ते दिल्ली दुवा उत्तम चालतो, एवढ्यावर चाचणी पुरी झाली असे मानू नये.

हे मोजमाप वाचकांनाही करता येईल. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पांढुर्ण्याहून दिल्ली रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन दहा मिलिसेकंद. कॉलेजच्या संगणकावरून दिल्लीतल्या एखाद्या सर्व्हरला सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला ‘पिंग’ करून जाण्यायेण्याचा वेळ मोजा आणि आकडे महिनाभर वहीत लिहा. दहाच्या वर जे दिसेल, त्यातला बहुतेक वेळ वळशाचा आणि रांगेचा असेल. रात्रीचा आकडा सकाळच्या कित्येक पट निघाला, तर ती वही सेवा देणाऱ्या कंपनीपुढे ठेवा आणि दुव्याची क्षमता किती, अग्रक्रम कोणाला, याचे लेखी उत्तर मागा.