लिंबाविना लिंबूसत्त्व

ढोकळ्यात घालायचं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आता लिंबातून येत नाही. १७८४ मध्ये कार्ल शेले यांनी ते लिंबाच्या रसातूनच वेगळं केलं होतं. पुढे ते काढण्याचा धंदा इटलीच्या लिंबांवर चालला. १९१७ मध्ये अमेरिकेत जेम्स करी यांनी दाखवलं, की ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून हे आम्ल भरपूर बनवते. मला थक्क करते ती तिची अट: साखर भरपूर, द्रावण चांगलंच आंबट, मँगनीज मात्र जवळपास शून्य. वाढ अशी अडली, की बुरशी आम्ल बाहेर सोडत राहते. या आम्लाच्या रेणूतले तीन कार्बॉक्सिल गट कॅल्शियमला धरून ठेवतात. नळाच्या तोटीवरचा क्षारांचा पांढरा थर त्याने सुटतो, त्यामागे हेही एक कारण आहे.