खरूज : समज, कारणे आणि सामुदायिक उपचार

वसतिगृहातील व्याधींमध्ये खरजेइतके गैरसमज क्वचितच दुसऱ्या कोणत्या व्याधीच्या वाट्यास आले असतील. मूल अस्वच्छ राहते म्हणून त्यास खरूज होते, हा समज सुशिक्षित पालकांतही आम्हांस आढळतो. वस्तुतः अर्ध्या मिलिमीटरहून लहान असा आठ पायांचा जीव त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून राहतो आणि त्याची मादी रोज दोन-तीन अंडी घालते. नित्य स्नान करणाऱ्यासही तो सोडीत नाही. इटलीतील बोनोमो यांनी १६८७ मध्ये त्याचे वर्णन केले. तरीही पुढे दीर्घकाळ वैद्यकविश्व शरीरातील दोषांनाच कारण मानीत राहिले.

दुसऱ्या महायुद्धकाळी केनेथ मेलनबी यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर प्रयोग केले. रुग्णांची पांघरुणे व कपडे वापरूनही फार थोड्यांनाच लागण झाली. प्रसाराचे मुख्य कारण ठरला तो शरीराचा शरीराशी दीर्घ स्पर्श. शिवाय प्रथमच लागण झालेल्यास खाज सुटते ती साधारणतः चार ते सहा आठवड्यांनी. आमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच. खाजविणारे मूल नजरेस पडते, तोवर शेजारी झोपणाऱ्यांत हा जीव पोहोचलेला असतो. मग त्या एकट्यालाच घरी धाडण्यात काय हशील? घरची भावंडे बाधित होतात, अभ्यास बुडतो आणि परतल्यावर सोबती त्याच्याजवळ बसावयास कचरतात. स्पर्श नाकारला जाण्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी हे घडू देऊ नये.

उपचार सर्वांवर एकाच दिवशी व्हावा, खाज नसलेल्यांवरही. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत व नखांखालीही रात्री लावून सकाळी धुवावे. आठवड्याने पुन्हा लावावे. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्याव्यात. पंधरा किलोंहून कमी वजनाच्या बालकांना व गर्भवतींना त्या देत नाहीत. फिजीमध्ये समूहास या गोळ्या दिल्यावर खरजेचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेस दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान दिले.

चादरी-कपडे गरम पाण्याने धुवावेत. ते शक्य नसल्यास पिशवीत बांधून तीन दिवसांहून अधिक बाजूस ठेवावेत, कारण शरीराबाहेर हा जीव फार टिकत नाही. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्यास मात्र दिरंगाई नको. त्यांतील जंतुसंसर्गातून पुढे मूत्रपिंडास इजा होऊ शकते. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते, म्हणून घाबरून रोज मलम चोळू नये. त्यानंतरही नवे फोड दिसल्यास डॉक्टरांस पुन्हा दाखवावे.