उरुळी कांचनचा दवाखाना

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने तीसेक किलोमीटर गेलं की उरुळी कांचन लागतं. २२ मार्च १९४६ रोजी गांधीजी या गावात आले आणि आठवडाभर राहिले. गावकरी दुखणी घेऊन येऊ लागले. रोगी वेगवेगळे, पण उपचार जवळपास एकच: रामनाम, अंगावर ऊन घेणं, कटिस्नान आणि घर्षणस्नान, दूध-ताक-फळांचा साधा आहार, भरपूर स्वच्छ पाणी.

इतक्या दुखण्यांना एकच उपाय कसा? याचं उत्तर जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये आहे. तिथे लुई कुने यांनी १८८३ मध्ये उपचारकेंद्र काढलं. वैद्यकाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की रोग एकच. शरीरात साठलेली विजातीय द्रव्यं त्याच्या मुळाशी असतात आणि नावं फक्त लक्षणांप्रमाणे बदलतात. ती द्रव्यं बाहेर काढायला शरीराला मदत करा, बाकीचं शरीर बघून घेईल. याच्या एकच वर्ष आधी बर्लिनमध्ये रॉबर्ट कोख यांनी क्षयाचा जंतू दाखवला होता. रोग एकच असतो ही कल्पना तिथेच निकालात निघाली, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कुनेंचं कटिस्नान टिकलं आणि दुसरे निसर्गोपचारक ॲडॉल्फ युस्ट यांच्या मातीच्या पट्ट्याही टिकल्या. दोघांची पुस्तकं गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचली होती.

या उपचारांना लागतं तरी काय? कटिस्नानाला एक पसरट टब. त्यात टेकून बसायचं, पाय आणि छाती पाण्याबाहेर, ओटीपोट पाण्यात, आणि ओल्या फडक्याने पोट हलक्या हाताने चोळत राहायचं. मातीची पट्टी त्याहून सोपी. माती स्वच्छ हवी, शेणखताची नको. चाळून भिजवायची आणि पातळ फडक्यात पसरून पोटावर ठेवायची. गांधीजींनी पट्टीचं मापही लिहून ठेवलं आहे: सहा इंच लांब, तीन इंच रुंद, अर्धा इंच जाड. वापरलेली माती वाळवून, कुटून, चाळून पुन्हा वापरता येते, हेही ते सांगतात. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात हा तपशील आहे. पैसा नसलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून ते लिहीत होते, हे त्या मातीच्या हिशेबातून कळतं.

१९०२ साली मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल टायफॉइडने आजारी पडला, सोबत न्यूमोनिया. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप सुचवलं. गांधीजींनी नकार दिला. ताप १०४ वर गेला तेव्हा त्यांनी चादर भिजवून पिळली, मुलाला तीत गुंडाळलं, वर ब्लँकेटं घातली, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. मुलाला घाम फुटला, ताप उतरला. पुढे बरेच दिवस पाणी घातलेलं दूध आणि फळांचा रस. आत्मकथेत हे सांगताना त्यांनी एक प्रांजळ प्रश्न विचारला आहे: मुलगा ईश्वरकृपेने बरा झाला, पाण्याच्या उपचाराने, की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार? निसर्गोपचाराच्या प्रत्येक यशोगाथेखाली हा प्रश्न छापायला हवा.

जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांचं अपेंडिक्स बिघडलं. ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी १२ तारखेच्या रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. गांधीजींनी या शस्त्रक्रियेला लेखी संमती दिली होती. बिघडलेल्या अपेंडिक्सवर मातीची पट्टी चालत नाही, हे त्या दिवशी ठरलं.

निसर्गोपचारासाठी गावच का? आधी विचार पुण्याचा होता. डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र तिथे नावारूपाला आलेलं होतं. पण गरीब रोगी उपचारासाठी शहरात येऊन राहणार कसा? शहर निवडण्याची ही आपली चूक गांधीजींनी जाहीरपणे मान्य केली आणि उरुळी निवडली. तिथला निसर्गोपचार आश्रम मणिभाई देसाई यांच्या हाती दिला. मणिभाई जन्मभर तिथेच राहिले. माणूस नीट जेवला नाही तर पथ्य कसलं पाळणार, हा विचार त्यांना शेतीकडे आणि गाईंकडे घेऊन गेला. १९६७ मध्ये त्यांनी उभी केलेली बाएफ ही संस्था संकरित गाईंच्या कामासाठी देशभर ओळखली गेली, १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखान्यातून निघालेली वाट गोठ्यापर्यंत गेली, यात मला निसर्गोपचाराचा सर्वांत खरा विस्तार दिसतो.

आज हे उपचार ऐषारामी रिसॉर्टमध्येही मिळतात. दहा दिवस काम सोडून तिथे राहणं शेतमजुराला परवडणार नाही. आहार, विश्रांती, ऊन, चालणं यांनी वजन, रक्तदाब आणि साखर यांवर चांगला परिणाम होतो, हे आधुनिक वैद्यकही सांगतं. पण टाइप-१ मधुमेह असलेल्याने इन्सुलिन थांबवलं तर जीव जातो. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो.

म्हणून वाचकांना एकच विनंती. निसर्गोपचार केंद्रात जाण्याआधी तिथे विचारा: माझी चालू औषधं तुम्ही माझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करणार नाही ना, आणि गरज पडली तर मला कोणत्या रुग्णालयात पाठवाल? उत्तर सरळ मिळालं नाही, तर तिथे दाखल होऊ नका.