‘परत फिरू’ म्हणणारा एक हवाच!

पाऊस सुरू झाला की ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘रविवारी कुठे?’ मग कुणीतरी तिकोना गडावरून दिसणाऱ्या पवना जलाशयाचा फोटो टाकतं, खाली पाच-सहा अंगठे उमटतात आणि बेत पक्का! जा, नक्की जा. फक्त निघण्याआधी एक गोष्ट ठरवा. तुमच्यात ‘चला, परत फिरू’ कोण म्हणणार?

हसू नका. धोका बऱ्याचदा सगळ्यांनाच दिसत असतो, पण ‘घाबरट’ म्हणतील म्हणून कुणी तोंड उघडत नाही. म्हणून हे काम पायथ्याशीच एकाला देऊन टाका. तो म्हणाला की फिरायचं, नो वादावादी.

तिकोना तसा आटोपशीर गड. कामशेत स्टेशनवरून पवनानगरमार्गे तिकोना पेठ गाठायची. उंची साधारण साडेतीन हजार फूट, वाट मळलेली, वाटेत चपेटदान मारुतीचं दर्शन. खरा कस लागतो तो शेवटी, कातळातल्या उंच, खड्या पायऱ्यांवर. चढताना ‘हॅ, एवढंच?’ वाटतं, शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना मात्र पाय लटपटतात. त्यामुळे पायऱ्यांवरून पाण्याचा लोट येत असेल, तर निर्णय खालीच घ्या. उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवा, हात मोकळे असू द्या आणि फोन बॅगेत.

माथ्यावर महादेवाचं मंदिर आहे. समोर पवनेचं पाणी, पलीकडे तुंग, एका बाजूला लोहगड-विसापूर. धुकं असेल तर यातलं काहीच दिसणार नाही. मग ‘पुढे जाऊन बघू’ नको, बसा आणि वाट बघा. वाऱ्याची एक झुळूक पडदा बाजूला करते!

गवत संपतं तिथे कडा संपतो, असं समजू नका. गवताखालची भिजलेली माती कधीही सुटू शकते. साधा हिशोब ठेवा: कड्यापासून निदान स्वतःच्या उंचीपेक्षा जास्त अंतर. पाय घसरला तरी आपटाल जमिनीवरच. सेल्फीसाठी उलटं चालणं तर अजिबात नको. बसून काढलेल्या फोटोतही तळं तेवढंच सुंदर दिसतं. आणि छत्री घरीच ठेवा, वारा तिच्यासकट तुम्हालाही ओढतो.

वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती जवळ आहे. माथा सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका.

शक्यतो रविवार टाळा. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी शेजारच्या लोहगडावर इतकी गर्दी उसळली, की लोक तासन्‌तास वाटेत अडकून पडले. पावसाळ्यात प्रशासन काही ठिकाणी बंदीही घालतं, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा.

खाली आल्यावर जलाशयात उतरायचा मोह होईल. काठावरूनच बघा. तळाचा चिखल आणि अचानक वाढणारी खोली वरून दिसत नाही.

बॅगेत पाणी, खाऊ, शिट्टी, टॉर्च आणि कोरडे कपडे हवेतच. कुठे जाताय, किती वाजता परतणार, हे घरी सांगा. अडचणीत ११२ लावा.

आणि त्या एकाने खरंच ‘परत फिरू’ म्हटलं, तर त्याला चिडवू नका. पायथ्याशी गरमागरम भजी खा आणि पुढची तारीख ठरवा. गड काही पळून जात नाही!