धमन्यांचे वय आणि रोजेदाराची गोळी

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या चैत्रातील यात्रेसाठी दूरवर ओळखले जाते. ज्वारी आणि उसाचा हा भाग. रमजान आला की परिसरातील मुस्लिम घरांत पहाटे सहेरीसाठी चूल पेटते आणि मगरिबच्या अजानबरोबर खजुराने रोजा सुटतो. साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळीही तरुणांच्या बरोबरीने रोजे धरतात. त्यातल्या अनेकांच्या कपाटात रक्तदाबाची, साखरेची नाहीतर रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. रोजात ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारायचे राहून जाते. गोळी परस्पर बंद होते आणि धोका तिथून सुरू होतो.

वयाबरोबर केस पांढरे होतात, ते दिसते. धमन्या म्हाताऱ्या होतात, ते दिसत नाही. तरुणपणी मोठी धमनी रबरी नळीसारखी ताणते आणि पुन्हा आवळते. वय वाढते तशी तिची लवचिकता कमी होते, भिंतीत कॅल्शियम साठते. म्हणून उतारवयात रक्तदाबाचा वरचा आकडा चढू लागतो. दुसरीकडे धमनीच्या आतल्या अस्तराखाली चरबीचा थर जमतो आणि वाट अरुंद होते. हा थर एखाद्या दिवशी फाटला, तर त्यावर रक्ताची गुठळी धरते. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो.

हा थर म्हातारपणी अचानक येत नाही. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली. त्यांचे सरासरी वय होते अवघे 22. तरीही 77 टक्के हृदयांत धमन्यांच्या आजाराच्या खुणा आढळल्या. हा अहवाल 1953 साली प्रसिद्ध झाला. साठीतला झटका विशीपासून तयार होत असतो, तो असा.

आपल्याकडे हे संकट आणखी लवकर येते. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण 53व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर देशांत हे वय 58च्या पुढे होते. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील चरबी, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय या नऊ घटकांवरून मिळून जगातल्या सुमारे 90 टक्के झटक्यांचा हिशेब लागतो, असे त्या अभ्यासाने 2004 साली दाखवले. वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाही, पण या नऊ गोष्टी बऱ्याच अंशी आहेत.

‘मी तर काटकुळा, मला कसला हृदयविकार?’ हा गैरसमज गावोगावी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याला उत्तर दिले. 2004 साली त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी आपली दोघांची छायाचित्रे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21 टक्के. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत 1993 पासून त्यांच्या गटाने केलेल्या पाहणीत, कमी वजनाच्या नवजात बाळांतही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त आढळले. म्हणून वजनकाट्यापेक्षा पोटाभोवती फिरवलेली टेप अधिक खरे सांगते.

तंबाखूचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होत नाही. बिडी सोडली, पण गालात तंबाखू आहे. बिडी कधी ओढली नाही, पण सकाळी मिश्री लावल्याशिवाय दिवस उजाडत नाही, असे आपल्याकडे सर्रास चालते. ‘इंटरहार्ट’मध्ये तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीने दिसला. रोजेदार दिवसभर तंबाखूला शिवत नाही. जो माणूस बारा-तेरा तास थांबू शकतो, तो चोवीस तासही थांबू शकतो. सोडण्याचा सराव महिनाभर आयता होतो. इफ्तारनंतर लगेच बिडी पेटवली, तर तो वाया जातो.

इफ्तारच्या ताटाचेही तसेच. खजूर, फळे, उसळ, ज्वारीची भाकरी हे धमन्यांचे मित्र. रोज तळलेले समोसे आणि भजी, पुन्हा पुन्हा तापवलेले तेल, वनस्पती तूप, गोड सरबताचे चार-चार ग्लास हे नव्हेत. मीठ दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते चमचाभर होते. लोणचे-पापडातले मीठही त्यातच मोजायचे.

वैद्यकाची परंपरा या समाजाला परकी नाही. इब्न अल-नफीस या दमास्कसकडच्या हकिमाने 1242 साली लिहिले, की हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येते. हृदयाचे पोषण त्याच्याच भिंतीतल्या वाहिन्यांतून होते, हेही त्यांनी नोंदवले. आज अँजिओप्लास्टी होते, ती याच वाहिन्यांवर.

धर्माने सवलतही स्पष्ट दिली आहे. आजारी आणि प्रवाशाला रोजे नंतर पुरे करण्याची मुभा सूरह अल-बकरामध्ये आहे. ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याच्यासाठी फिदिया, म्हणजे गरिबाला जेवू घालणे आहे. नुकताच झटका आलेला, नवा स्टेंट बसलेला किंवा हृदय अशक्त झालेला रुग्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. दिवसातून एकदा घ्यायच्या बऱ्याच गोळ्या इफ्तार किंवा सहेरीला बसवता येतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची वेळ आणि मात्रा मात्र डॉक्टरच ठरवतील.

इफ्तारनंतर छातीत दाब आला, घाम फुटला, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पिऊन पडू नये. मधुमेही माणसाला वेदना न होता नुसता घाम आणि थकवाही येतो. असे रोजात घडले तर रोजा सोडावा, 108 ला फोन करावा आणि जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे काम करते. सोनारीसारख्या गावातून बार्शी किंवा सोलापूर गाठायला वेळ लागतो. घरात विचार करण्यात गेलेला तास त्या रस्त्यावर भरून निघत नाही.

घरातल्या थोरल्यांना आज तरावीहला निघताना एवढेच विचारावे: अब्बा, गोळी घेतली का?