उताऱ्यात लिहिलंय कुठे?

उतारा मोठ्याने वाचून दाखव म्हटलं की माझ्या इंग्रजीच्या वर्गातली बहुतेक मुलं अडखळत नाहीत. आवाज खणखणीत, स्वल्पविरामाला किंचित थांबणं, पूर्णविरामाला श्वास घेणं, सगळं जागच्या जागी. वाचून झालं की मी कागद पालथा घालायला सांगते आणि विचारते, "काय होतं यात?" कुणीच काही बोलत नाही. मग एखादा हळूच म्हणतो, "मॅडम, परत एकदा बघू का?"

ही मुलं बेंगळुरूच्या चिकपेटची. राहायला कुणी कॉटनपेटला, कुणी नगरथपेटच्या गल्लीत दुकानाच्या माडीवर, पण विचारलं तर पत्ता चिकपेटच सांगतात. घरं मूळची सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगावकडची, दोघी बहिणी साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या. वडील, काका, मामा सगळे गलाईच्या धंद्यात. सराफाकडून आलेली जुन्या दागिन्यांची मोड वितळवायची, सोनं-चांदी शुद्ध करून परत द्यायची, हे त्यांचं काम. दुष्काळी पट्ट्यातून निघालेले गलाईवाले देशभर पसरले, त्यातलीच ही घरं. घरात विट्याकडची मराठी, गल्लीत कन्नड, बंगाली कारागिरांशी आणि मारवाडी व्यापाऱ्यांशी हिंदी, अशा तीन भाषा ही मुलं दिवसभर सहज फिरवतात. इंग्रजी मात्र त्यांना भेटते ती कागदावरच. दिवसा दुकान आणि संध्याकाळी बी.कॉम.चा वर्ग अशी बहुतेकांची दिनचर्या. विद्यापीठाच्या इंग्रजीच्या पेपरात एक न वाचलेला उतारा येतो. त्याखाली प्रश्न, शब्दार्थ, कधी शीर्षक, कधी सारांश. त्याच्या सरावासाठी आम्ही रविवारी सकाळी बसतो. त्या दिवशी बहुतेक घाऊक दुकानांची शटर खाली असतात आणि त्यांच्यापुढे फेरीवाल्यांचा बाजार भरतो. खालून शर्टांचे भाव ओरडल्याचं ऐकू येतं आणि वर आम्ही पेन्सिली घेऊन उतारा वाचत असतो.

मोठ्याने वाचता येणं आणि समजणं या दोन गोष्टी आपल्याकडे शाळेपासून एकच धरल्या जातात. वर्गात उभं राहून धडा वाचायचा, चुकलं की बाईंनी उच्चार सुधारायचा, की वाचन झालं. उत्तरं गाईडात असतातच. चिकपेटपासून अ‍ॅव्हेन्यू रोड तर हाकेच्या अंतरावर. तिथे जुनी पाठ्यपुस्तकं, गाईडं, मागच्या वर्षांचे प्रश्नसंच यांचे ढीग लागलेले असतात. माझ्या वर्गातली निम्मी पुस्तकं तिथली, आणि त्यांत आधीच्या मालकाने पेन्सिलीने ओढलेल्या रेघा. एका मुलाचं वाचन मी नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्याचे डोळे एका अधोरेखित ओळीवरून दुसऱ्या अधोरेखित ओळीवर जातात, मधला मजकूर तो बघतच नाही. कुणा अनोळखी विद्यार्थ्याने महत्त्वाचं ठरवलेलं त्याने महत्त्वाचं मानलं होतं. आता आम्ही कोऱ्या कागदावर छापलेला उताराच वापरतो.

न वाचलेला उतारा समोर आला की ही मुलं प्रश्नातला ठळक शब्द उचलतात, तो उताऱ्यात शोधतात आणि ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य जसंच्या तसं उत्तरात उतरवतात. सोप्या प्रश्नाला ही युक्ती चालून जाते, म्हणून ती सुटत नाही. ती कुठे फसते हे दाखवायला मी एक वाक्य फळ्यावर लिहिते. देवनागरीत ते असं होईल: 'द मर्चंट्स हू हॅड सप्लाइड क्लॉथ टू द आर्मी फॉर मेनी इयर्स वेअर नॉट पेड.' प्रश्न एवढाच, पैसे कुणाला मिळाले नाहीत? निम्मा वर्ग म्हणतो, आर्मीला.

हे का होतं ते समजून घ्यायला हवं, नुसतं 'चूक' म्हणून पुढे जाऊन भागत नाही. 'वेअर नॉट पेड'च्या जवळ दिसतं ते आर्मी, तेव्हा क्रियापद त्याला चिकटवलं जातं. मराठीत आपण हीच गोष्ट 'ज्या व्यापाऱ्यांनी बरीच वर्षं सैन्याला कापड पुरवलं, त्यांना पैसे मिळाले नाहीत' अशी सांगू. 'ज्या' म्हटलं की कान 'त्या'ची वाट बघतो आणि 'त्यांना' आलं की कुणाबद्दल चाललंय याची शंका उरत नाही. इंग्रजी वाक्यात ही परतीची खूण नसते. कर्ता सुरुवातीला येऊन गेलेला असतो, मध्ये आठ-दहा शब्दांचं उपवाक्य येतं आणि मग मुख्य क्रियापद. वाचणाऱ्याने कर्ता तोवर मनात धरून ठेवायचा असतो. म्हणून मी मुलांना आधी मुख्य क्रियापदाभोवती गोल करायला लावते, मग मागे जाऊन 'कोण?' हे विचारायला, आणि मधलं उपवाक्य हलक्या कंसात टाकायला. पहिल्या दिवशी या कामात एका परिच्छेदाला अर्धा तास जातो. जाऊ दे. हा अर्धा तास शंभर शब्दार्थ पाठ करण्याहून मोलाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण उलट्या बाजूची, मुलांना आधीच जास्त माहीत असल्याची. एकदा मी याच पेटेच्या इतिहासावर उतारा तयार केला. केम्पेगौडांनी 1537 मध्ये शहर वसवलं, 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या हाताखाली विजापूरची फौज आली, तिच्यात शहाजीराजे होते आणि पुढे बेंगळुरू त्यांच्या जहागिरीत आलं, एवढंच त्यात होतं. खाली विधान दिलं: 'शहाजीराजांचा वाडा चिकपेटेत होता.' त्याच्यापुढे खरं, खोटं किंवा 'उताऱ्यात दिलेलं नाही' यांपैकी एक लिहायचं. सगळ्यांनी एकमुखाने 'खरं' लिहिलं. का नाही लिहिणार? शहाजीराजे चिकपेटेतल्या गौरीमहालात राहायचे, असं इथे सांगतात. मराठी घरातल्या मुलांनी ते लहानपणापासून ऐकलेलं, त्याचा त्यांना अभिमान आहे.

मी विचारलं, "उताऱ्यात लिहिलंय कुठे?" मुलं वाद घालायला लागली. विट्याकडचा एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, खरंच हाय की ते." त्याला खोडून काढायचं काही कारणच नव्हतं. त्याची माहिती बाजूला ठेवायची होती, पुसायची नव्हती. तुझ्याजवळची माहिती एकीकडे, समोरच्या लेखकाने सांगितलेलं दुसरीकडे, आणि प्रश्न दुसऱ्याबद्दल आहे, हे समजायला त्या मुलाला बराच वेळ लागला. परदेशी विद्यापीठांसाठी जी आयेल्ट्सची परीक्षा असते, तिच्या वाचनाच्या भागात साठ मिनिटांत चाळीस प्रश्न असतात आणि 'नॉट गिव्हन'चा हा पर्याय तिथे हमखास भल्याभल्यांना अडवतो. बी.कॉम.च्या पेपरात तो पर्याय छापलेला नसेलही, तरी त्याची सवय मी लावते. दुसऱ्याचं म्हणणं त्याने सांगितलं तेवढंच ऐकायचं, त्यात आपलं घालायचं नाही, ही वाचनातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे असं मला वाटतं.

शब्दसंपत्तीचा प्रश्न आई-वडील सगळ्यात आधी काढतात. "पोरगं डिक्शनरी घेऊन बसतंय, पण ध्यानात राहीना." पॉल नेशन आणि मार्सेला हू यांनी 2000 मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची, तर तिच्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. तीनशे शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ सहा अनोळखी शब्द. आमच्या मुलांना सुरुवातीला तीस-चाळीस अडतात. तेव्हा शब्द वाढवायलाच हवेत, यात दुमत नाही. पण ते यादीतून वाढत नाहीत, सोपं आणि भरपूर वाचण्यातून वाढतात. परीक्षेच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या खालचं वाचायला दिलं की मुलांना आधी कमीपणा वाटतो. लहान पोरांच्या गोष्टी आम्ही वाचायच्या का, असा चेहरा होतो. खटावच्या बहिणींतल्या धाकटीने मात्र सोप्या गोष्टींची पुस्तकं मनावर घेतली, आणि तिचा वाढलेला वेग पाहून बाकीचे त्या पुस्तकांकडे वळले.

आपल्या देशातल्या मुलांसाठी इंग्रजी वाचनाचा असा विचार शंभर वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट यांनी ढाक्याला केला होता. द्वैभाषिकतेवरचं त्यांचं पुस्तक 1926 चं. बंगालमधली कितीतरी मुलं शिक्षण अर्ध्यावर सोडतात हे त्यांनी पाहिलं आणि विचारलं की सोडताना त्यांच्या हाती काय उरतं? विम्याच्या पॉलिसीला असते तशी अर्धवट शिक्षणालाही 'सरेंडर व्हॅल्यू' असली पाहिजे, आणि वाचता येणं ही ती व्हॅल्यू, असं त्यांचं म्हणणं. कॉमर्सच्या मुलांना हे सांगितलं की ती लगेच मान डोलावतात. त्यांच्यातल्या दोघांनी मध्ये एक-एक वर्ष कॉलेज सोडलं होतं.

दुसरा प्रयत्न तर याच शहराच्या नावाचा. 1979 ते 1984 या काळात प्रा. एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत एक प्रयोग केला, जगभर तो 'बँगलोर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे नियम शिकवण्याऐवजी मुलांपुढे इंग्रजीतून काम ठेवायचं. रेल्वेचं वेळापत्रक वाचून कोणत्या गाडीने गेलं तर वेळेत पोहोचू ते ठरवा, नकाशा बघून रस्ता काढा. डोकं अर्थात गुंतलं की भाषा आपोआप घडत जाते, ही त्यामागची धारणा. भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत जगभर या प्रयोगाचा उल्लेख येतो.

त्या वाटेने जाऊन मी हॉलमार्कच्या नियमांवर इंग्रजी उतारा लिहिला. 1 एप्रिल 2023 पासून सराफाला सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी हा ओळखक्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे, आणि वर्षाची उलाढाल चाळीस लाखांपर्यंत असलेल्या सराफालाही. वाक्यं मुद्दाम लांब, 'एक्सेप्ट' आणि 'अनलेस' भरलेली. प्रश्न मात्र एकही थेट नाही. दीड ग्रॅमची चमकी हॉलमार्कशिवाय विकली, नियम मोडला का? आजीने तिच्या जुन्या, खूण नसलेल्या बांगड्या सराफाला विकल्या, तिने नियम मोडला का?

खोलीतलं वातावरणच बदललं. चमकीचं उत्तर तत्काळ आलं, "चालतंय की!" आणि वाक्यावर बोटही ठेवलं गेलं. आजीच्या बांगड्यांवर जुंपली. एकजण म्हणाला, खूण नाही म्हणजे गुन्हा. त्यावर एरवी गप्प बसणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "वाक्यात विकणारा कोण आहे बघ. ज्वेलर. आजी ज्वेलर आहे का?" व्यापाऱ्यांच्या वाक्यात आर्मीला कर्ता करणाऱ्यांत तीही होती. कर्ता शोधायचा तो कशासाठी, हे तिला त्या दिवशी कळलं. एवढी नेमकी हुज्जत मी भल्या वर्गांत ऐकलेली नाही.

पण इथेच थांबलं तर सराव अर्धा राहतो. परीक्षेचा उतारा सोन्यावर येत नाही. तो मधमाश्यांवर येतो, जुन्या ग्रंथालयांवर येतो, कधी एकटेपणावरच्या ललित निबंधातला येतो. म्हणून पुढच्या रविवारी त्याच घडणीचा उतारा मधमाश्यांवर दिला. तसेच अपवाद, तसेच लांब कर्ते, आडून विचारलेले तसेच प्रश्न. हुज्जतीचा जोर ओसरला, उत्तरं निम्म्यावर आली. ओळखीच्या विषयात मुलं मजकुरातली उणीव अनुभवाने भरून काढतात, अनोळखी विषयात फक्त वाक्यांचाच आधार असतो. तेव्हा आता एक आठवडा ओळखीचं, एक आठवडा परकं, असं चालू आहे. मुलांनी स्वतः मजकूर आणायला सुरुवात केली आहे. कुणी दुकानाच्या विम्याच्या अटी आणतं, कुणी जीएसटीची नोटीस. नोटिशीची इंग्रजी परीक्षेच्या उताऱ्याहून कितीतरी कठीण असते आणि ती चुकीची वाचली तर भुर्दंड बसतो, त्यामुळे तिथे कुणाला झोप येत नाही.

वेळेचं बोलायचं तर इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ मनात वाचताना मिनिटाला साधारण 238 शब्द वाचतो, असं मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये अनेक अभ्यासांच्या आकड्यांवरून काढलं. माहितीपर मजकुराचा हा आकडा. आमची मुलं त्याच्या निम्म्यावर आहेत. तीनशे शब्दांचा उतारा दोनदा वाचायला पाच-सहा मिनिटं. पेपरात एवढा वेळ असतो. घाई करून एकदाच वाचायचं आणि मग प्रत्येक प्रश्नाला उताऱ्यात नव्याने शोधाशोध करायची, यात जास्त वेळ जातो, हे घड्याळ लावून दाखवल्यावर पटतं. ओठ हलवत वाचणं हळूहळू कमी होतंय. मागे मागे जाणारी नजर मी अडवत नाही; नीट समजलं नाही म्हणून मागे जाणारा वाचणारा मला न समजता पुढे पळणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

सारांश मात्र अजून जमत नाही. उताऱ्याची पहिली ओळ, मधली एक आणि शेवटची एक जोडायची, ही सवय फार खोल गेली आहे. त्यावर सध्या एकच उपाय चालू आहे: कागद पालथा घालायचा आणि शेजारच्याला उतारा मराठीत सांगायचा, आपल्या घरच्या मराठीत. सांगणाऱ्याने जे गाळलं ते ऐकणाऱ्याने विचारायचं. मग तेच इंग्रजीत चार वाक्यांत लिहायचं. मराठीत सांगताना धागा बहुतेकांना सापडतो, इंग्रजीत उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला तुटतो. या महिन्यात आम्ही त्या तिसऱ्या वाक्यावरच काम करतो आहोत.